बोरीवली ते चिपी : किती लांब, किती वेळ

आम्ही बोरीवली पूर्वेहून, देवीपाड्याच्या आमच्या बचत गटातर्फे बोलतोय. मागच्या वेळी कुळथाच्या पिठाचं पॅकिंग सांगितलं होतं. आज विषय वेगळा आहे. आज आम्ही विमानाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आम्हीही हसलो होतो, आणि त्या हसण्याचंच आज सांगायचं आहे.

आमच्या गटात अकरा जणी. सात जणींची माहेरं सिंधुदुर्गात, दोघी रत्नागिरीच्या, एक साताऱ्याची, एक जळगावची. महिन्याला दोनशे रुपये बचत, त्यातून अंतर्गत कर्ज. नियम रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलेले: आजारपण, मुलांची फी, धंद्याला भांडवल. प्रवासाला कर्ज नाही. हा नियम आम्ही सगळ्यांनी मिळून केलेला आणि तेव्हा आम्हाला तो फार शहाणपणाचा वाटलेला. लग्नाला जाण्यासाठी, जत्रेला जाण्यासाठी कर्ज मागायला लागल्या तर पेटी रिकामी व्हायची, असा आमचा हिशोब.

२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेसहाला आमच्या एका वहिनींना गावाहून फोन आला. गाव वेंगुर्ले तालुक्यात. भाऊ म्हणाला, ‘बाबांका बरा नाय, बेगीन ये.’ वहिनी तशाच आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘चिपीचं विमान सुरू झालंय ना, दुपारी उतरतं म्हणतात. गटातून पाच हजार द्याल का?’

तेव्हा आमच्यापैकी कुणीही विमानात बसलेलं नव्हतं. एकजण म्हणाली, ‘विमानाने? कर्ज काढून?’ आणि दोघी-तिघी हसल्या. वाईट मनाने नाही. विमान म्हणजे पैसेवाल्यांची चैन, एवढंच डोक्यात. वहिनींनी पुन्हा विचारलं नाही. सकाळच्या कोकणच्या गाड्या एव्हाना सुटल्या होत्या, म्हणून संध्याकाळची खासगी बस ठरली. भावाने फोनवर विचारलं, ‘कधी पोचशील?’ त्यांनी सांगितलं, ‘उद्या सकाळी.’

अकराच्या सुमारास बाबा गेले. गावातल्या लोकांनी दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवसापर्यंत मे महिन्याच्या उकाड्यात ठेवणार कसं? संध्याकाळी अग्नी दिला, तेव्हा वहिनी नुकत्याच बसमध्ये बसल्या होत्या.

त्या परत आल्यावर आम्हाला काही बोलल्या नाहीत. मासिक बैठकीला आल्या, बचत भरली, सही केली. पण आमच्यापैकी कुणाला त्या रात्री नीट झोप लागली नाही. त्या दिवशी विमानात जागा होती की नव्हती, तिकीट कितीला होतं, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. पाहायची पाळीच येऊ दिली नव्हती. मग आम्ही ठरवलं, नियम बदलायचा की नाही ते नंतर. आधी हिशोब करायचा. विमानाचं अंतर म्हणजे काय, वेळ म्हणजे काय, आणि बोरीवलीच्या दारातून माहेरच्या दारात खरोखर किती तासांत पोचता येतं.

सुरुवात अंतरापासून. आमच्यातल्या एकीच्या मुलीचं भूगोलाचं पुस्तक घेतलं. नकाशावर आडव्या रेषा असतात, त्यांना अक्षवृत्तं म्हणतात. एक अंश वर किंवा खाली गेलं की जमिनीवर साधारण १११ किलोमीटर होतात. मुंबईचा विमानतळ १९ अंशांच्या जरा वर, चिपी १६ अंशांवर. म्हणजे तीन अंश आणि थोडं. तीन गुणिले १११, झाले ३३३. वरचं थोडं धरलं आणि चिपी मुंबईपेक्षा जरा पूर्वेला सरकलेली आहे तेही धरलं की होतात साधारण ३५० किलोमीटर. मुलीने नकाशावर दोरा ठेवून, खालच्या मापपट्टीवर लावून बघितला. तेवढंच आलं. आमच्यातल्या सातवी शिकलेल्या काकी म्हणाल्या, ‘म्हणजे ह्याच्यासाठी विमान कंपनीला विचारायला नको!’

आता तेच गाव रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. मधले दीडशे किलोमीटर गेले कुठे? ते गेले पनवेलच्या वळणात, घाटांत, खाड्यांना वळसे घालण्यात. विमानाला घाट नाही आणि खाडी नाही. जिथे रस्ता जास्त वाकडा, तिथे विमानाचा फायदा जास्त. हे आम्हाला लेहच्या उदाहरणावरून जास्त पटलं.

आमच्या साताऱ्याच्या ताईंचा मुलगा सैन्यात आहे, लडाखला होता. श्रीनगर आणि लेह, दोन्ही उत्तरेच्या टोकाचे विमानतळ. दोघांमधलं सरळ अंतर साधारण २५५ किलोमीटर, म्हणजे मुंबई-चिपीपेक्षाही कमी. विमान तासाभराच्या आत पोचवतं. पण रस्त्याने तेच ४२० किलोमीटर, मध्ये झोजिला खिंड, साडेतीन हजार मीटर उंचीवर. लोक वाटेत कारगिलला मुक्काम करतात. हिवाळ्यात बर्फ पडलं की खिंड बंद. मग अडकलेल्या माणसांना हवाई दलाच्या विमानातून जम्मू-श्रीनगरकडे आणतात, त्याला तिथले लोक कारगिल कुरियर म्हणतात. बाळंतीण, आजारी म्हातारं माणूस, परीक्षेला निघालेला पोरगा, सगळे त्याच विमानाची वाट बघतात. आणि लेहला विमानं बहुतेक सकाळीच येतात-जातात, कारण दुपारनंतर डोंगरातला वारा उठतो. म्हणजे तिथे तास किती लागतो यापेक्षा कोणत्या तासाला, हे महत्त्वाचं. तिथे कुणी विमानाला चैन म्हणत नाही.

जगात सगळ्यात छोटा ठरलेला विमानप्रवास कुठला, ठाऊक आहे? स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये आठ-दहा माणसांचं विमान जातं. अंतर २.७ किलोमीटर, म्हणजे जवळपास बोरीवली ते कांदिवली! दोन मिनिटांच्या आत उतरतं. वारा पाठीशी होता तेव्हा ५३ सेकंदांतही पोचलेलं आहे. आपल्याला वाटेल हा काय खुळेपणा. पण मधला समुद्र खवळला की होडी चालत नाही, आणि शिक्षक, डॉक्टर, रुग्ण सगळ्यांना त्याच विमानाचा आधार.

आता वेळेकडे येऊ. कोकणात जाणारं छोटं पंख्याचं विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास पळतं. ३५० किलोमीटरला पाऊण तासही लागू नये. मग २०२१ मध्ये चिपीचं विमान सुरू झालं, तेव्हा वेळापत्रकात मुंबईहून ११.३५ ला सुटून १ ला पोचेल असं का होतं? तो तर जवळजवळ दीड तास. कारण कंपनी वेळ धरते दार बंद करून विमान जागेवरून हललं तिथपासून ते पुढे जाऊन थांबेपर्यंत. मुंबईत धावपट्टीवर जायला रांग असते, अगदी दादरच्या तिकीट खिडकीसारखी. मग वर चढायचं ते हळूहळू, उतरायचं तेही हळूहळू. पूर्ण वेगाने पळायला मध्ये थोडाच वेळ मिळतो. त्यामुळे अंतर लहान असलं की विमानाचा वेग कमीच वापरला जातो. दिल्लीला जाणारीला विमानाचा जेवढा फायदा, तेवढा चिपीला जाणारीला नाही.

आणि हा झाला विमानाचा वेळ. आपला वेळ वेगळा. आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन देवीपाड्याच्या चाळीपासून धरला. सकाळी सव्वाआठला घर सोडलं. मेट्रोने गुंदवलीपर्यंत जा नाहीतर लोकलने अंधेरी-विलेपार्ले गाठा, पुढे रिक्षा. हायवेचा भरवसा नको, म्हणून सव्वा तास धरा. साडेनऊला विमानतळ. देशातल्या प्रवासाला दोन तास आधी पोचा म्हणतात, आणि तासभर आधी सामानाची खिडकी बंद होते, मग कितीही रडा. ११.३५ ला विमान, एकला चिपी. बॅग यायला वीस मिनिटं. विमानतळ पठारावर आहे, बाहेर एसटी स्टँड नाही, तेव्हा गाडी आधी सांगून ठेवलेली असेल तर वहिनींच्या गावाला अडीचपर्यंत पोचलो. दारातून दारात सव्वासहा तास. त्यातला आकाशातला एक तास, बाकी सगळा जमिनीवरचा!

आता कोकण रेल्वे. रात्रीची कोकणकन्या अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि सकाळी आठच्या सुमारास कुडाळ. बोरीवलीतून साडेनऊला निघालात तर दादरला धरता येते, आणि सकाळी साडेनऊपर्यंत घरी. बारा तास. पहाटेची वंदे भारत, जून २०२३ मध्ये सुरू झालेली, साडेपाचच्या सुमारास दादरला. बोरीवलीतून पहाटेच्या पहिल्या लोकलने गाठावी लागते. ती कुडाळला थांबत नाही, कणकवलीला उतरायचं अकरा-साडेअकराला, पुढे दीड-दोन तास गाडीने. म्हणजे दीडपर्यंत घरी. ही कोरड्या दिवसांतली वेळ. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने कोकण रेल्वे गाड्या सावकाश चालवते, वेळापत्रकच वेगळं असतं. शिवाय आमच्या बोरीवलीतून थेट कोकणात जाणारी गाडी २९ ऑगस्ट २०२४ ला सुरू झाली, वांद्रे टर्मिनस ते मडगाव. आठवड्यातून दोनच दिवस असते आणि वेळही फार घेते, पण सामान, म्हातारी माणसं, पोरं असतील तर दादरचा जिना चढावा लागत नाही, हे आम्हाला फार मोठं वाटतं.

हे सगळं फळ्यावर मांडलं तेव्हा एक गोष्ट आम्हाला कळली, जी आधी कुणाच्याच लक्षात आली नव्हती. कोणतं वाहन जलद, हे वाहनावर ठरत नाही, फोन किती वाजता आला त्यावर ठरतं. रात्री आठला फोन आला तर रात्रीची गाडी धरा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाची वाट पाहत बसलात तर पाच तास उशिरा पोचाल, आणि पैसे जास्त जातील. रात्री दोनला फोन आला तर पहाटेची वंदे भारत, ती विमानाच्या आधी पोचवते. पण सकाळी साडेसहाला फोन आला असेल तर? सकाळच्या गाड्या गेलेल्या. पुढची चांगली गाडी रात्रीची. तेव्हा मात्र दुपारचं विमान हाच एक मार्ग, आणि तो अडीचला घरी पोचवतो.

वहिनींना फोन आला होता साडेसहाला.

हे फळ्यावर लिहिल्यावर कुणी काही बोललं नाही. वहिनी स्वतः उठल्या, त्यांनी ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, ‘हे नियमात घाला.’ त्याच बैठकीत नियम बदलला. घरच्या माणसाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू असेल तर प्रवासाला आठ हजारांपर्यंत तातडीचं कर्ज, दोघींच्या सह्यांवर, बैठक न बोलावता. विमान, रेल्वे की बस, ते जाणारीने ठरवायचं. आम्ही फक्त वेळ मोजायला मदत करायची.

पैशाबद्दल थोडं सांगायला हवं. छोट्या गावांची विमानं सरकारच्या उडान योजनेत चालतात. पहिलं विमान २०१७ च्या एप्रिलमध्ये सिमल्याहून दिल्लीला गेलं. योजना सुरू झाली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, असं ठरलं होतं. पण तो दर सगळ्या जागांना नाही, साधारण निम्म्या जागांना. त्या आधी संपतात. आयत्या वेळी सकाळी तिकीट काढणारीला उरलेली महागडी जागाच मिळायची. आणि सरकार कंपनीला जो तोटा भरून देतं तो साधारण तीन वर्षांपुरता. त्यानंतर विमान चालू राहीलच असं नाही. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, तेव्हापासून तिथल्या विमानांचे दिवस, वेळा, कंपन्या बदलत गेल्या, आणि मुंबईचं विमान मध्ये बंदही पडलं. म्हणून आम्ही आता सांगितलेल्या वेळा पाठ करू नका. हिशोबाची रीत घ्या. शिवाय आता नवी मुंबईचाही विमानतळ झालाय. बोरीवलीहून तो फार लांब. तिकिटावर कोणता विमानतळ लिहिलाय ते आधी वाचा, नाहीतर सव्वा तासाचे अडीच तास होतील.

नियम बदलला म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्याच पावसाळ्यात आमच्यातल्या दुसऱ्या एका ताईंनी कर्ज घेऊन तिकीट काढलं. आईला दवाखान्यात ठेवलं होतं. विमान कोकणावर गेलं, ढगांत दोनदा घिरट्या घातल्या, खालचं काही दिसेना, आणि पुन्हा मुंबईला येऊन उतरलं. ताई संध्याकाळी घरी आल्या, तशाच रात्रीच्या गाडीला गेल्या. आई भेटली, देवाची कृपा. तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण दीड महिन्याने, आणि तोवर कर्जाचा हप्ता आमच्याकडे भरायचा तो भरलाच. तेव्हा आम्ही फळ्यावरच्या हिशोबाखाली लिहिलं: जून ते सप्टेंबर, विमान धराल तर रात्रीच्या गाडीचाही विचार करून ठेवा.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही गावात आहात. फोन तुमच्याकडून येतो. आमची विनंती अशी की मुंबईतल्या लेकीला, बहिणीला फोन कराल तेव्हा ‘बेगीन ये’ एवढंच म्हणून ठेवू नका. काय झालंय ते खरं सांगा. ‘जरा बरं नाही’ असं सांगितलं की ती रविवारपर्यंत थांबते. रात्री माणूस गंभीर झालं तर ‘सकाळी कळवू, उगाच झोपमोड कशाला’ असा विचार करू नका. रात्री दोनला कळवलंत तर ती पहाटेची गाडी धरते. सकाळी सातला कळवलंत तर तिचे पुढचे चौदा तास नुसते वाट बघण्यात जातात. आमच्याकडे असं दोनदा झालंय, म्हणून सांगतो.

दुसरं, तिला न्यायला कोण येणार ते तिथेच ठरवा. चिपीला उतरून रिक्षा शोधत बसणं, किंवा कणकवलीला उन्हात बस पाहत बसणं, यात तासभर सहज जातो. शेजारच्या पोराची मोटरसायकल चालेल. आणि माणूस गेलं असेल तर किती वाजेपर्यंत थांबणार ते तिला स्पष्ट सांगा, आणि ती किती वाजता पोचणार ते तिच्याकडून नीट विचारून घ्या. तुमच्या गटाने एक काम आत्ताच करून ठेवावं. फ्रीजरची शवपेटी तालुक्याला कुणाकडे भाड्याने मिळते, किती पैसे घेतात, विजेची काय सोय लागते, हे विचारून रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. हा विषय काढायला कुणालाच आवडत नाही. पण त्या दिवशी विचारायला डोकं ठिकाणावर नसतं.

पहिल्यांदाच विमानाने येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांसाठी दोन-तीन बारीक गोष्टी. आधार कार्ड हातात हवं, पिशवीच्या तळाशी नको. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच हवं. माहेरचं-सासरचं घोळ घालू नका, आमच्यातल्या एकीला दारावर अर्धा तास थांबवलं होतं. चढताना-उतरताना कानात दडे बसतात, आवंढा गिळत राहायचं. आणि परत येताना सुकं खोबरं घेऊ नका. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. आमच्या काकींनी दोन किलो खोबरं विमानतळावर ठेवून दिलं, त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

आमच्या जळगावच्या ताई विचारत होत्या, तिकडचा हिशोब करून द्याल का. जळगावलाही विमानतळ आहे, पण बोरीवलीहून तिकडे रात्रीच्या रेल्वेगाड्या पुष्कळ, त्यामुळे गणित वेगळं पडणार. ते आम्ही पुढच्या बैठकीत मांडू. तुमच्या गावचा हिशोब हवा असेल तर रेडिओ केंद्रावर चिठ्ठी द्या. गावाचं नाव, जवळचं स्टेशन, आणि शेवटची एसटी किती वाजता येते तेवढं लिहा. आमचा फळा गटाच्या खोलीत तसाच आहे. वेळापत्रक बदललं की वहिनीच जाऊन ओल्या फडक्याने पुसतात आणि नवीन वेळ लिहितात, दुसऱ्या कुणाला लिहू देत नाहीत.